मुसाफिरखान्यात झोपू नका

४ मार्च

मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन करणार होते, पण फोनवर मी रडले असते, आणि मला रडायचं नाहीये. मला सूड घ्यायचाय.

मला नोकरीवरून काढलं. काढताना एका कागदावर सही घेतली की खेळाबद्दल कुठं चकार शब्द काढायचा नाही. मेल काय, मेसेज काय, कुठून कुठं पोचेल सांगता येत नाही. कागद वाचून जाळता येतो, म्हणून कागद. वाचून झालं की खरंच जाळ.

तीन वर्षं मी ज्या खेळावर राबले त्याचं नाव तुला कधी सांगता आलं नाही. आता सांगते: "सात वेशींचं राज्य". हो, तोच. जानेवारीत आला आणि पहिल्या आठवड्यापासून लोक शिव्या घालतायत तो. परवा आमच्या साहेबांनी जाहीर पत्रक काढलं, की खेळ उत्तमच बनला होता, पण मुख्य तपासनिसानं दोष वेळेवर दाखवले नाहीत. मुख्य तपासनीस म्हणजे मी. नाव घेतलं नाही, पण आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. दोन ठिकाणी मुलाखत ठरली होती. दोघांनीही पत्रक वाचून "तूर्तास गरज नाही" कळवलं.

अगं, ऑफिसात मला "खुसपट" म्हणायचे! इतके दोष मी काढायचे. आणि साहेब कॉफीचा मग घेऊन यायचे, वाचायचे, आणि प्रत्येकाखाली दोन शब्द लिहायचे: राहू दे. घोडा जमिनीत रुततो, राहू दे. राणी जेवायला खुर्चीवर न बसता ताटात उभी राहते, राहू दे. आणि आता खापर माझ्या डोक्यावर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तू खेळांबद्दल "गुडघेदुखी" नावानं जी मतं लिहितेस ती चाळीस हजार लोक वाचतात. ती बाई माझी मावशी आहे हे तिथं कोणाला माहीत नाही. हा खेळ घे आणि त्याची सालटी काढ. साहेबांना आरशात बघायची लाज वाटली पाहिजे.

तुझी,
खुसपट

११ मार्च

खुसपटबाई,

पत्र जाळलेलं नाही. घरात काडेपेटीच नाही, शेगडी बटणाची आहे. पिठाच्या डब्यात ठेवलंय.

म्हणजे तो तुमचा खेळ होता तर! अगं, मी तो जानेवारीतच घेतला. गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, फार चालायचं नाही. मग काय, खुर्चीत बसून मी रोज बारा कोस चालत होते. आणि एक सांगते, रागावू नकोस, खेळ मुळात वाईट नाही. वाईट असता तर दोन दिवसांत सोडून दिला असता. ते डोंगर, ती तिसऱ्या वेशीबाहेरची नावाडीण, तिचं ते पुटपुटणं, किती मनापासून केलंय कोणीतरी! चांगला होता होता राहिलाय, म्हणून तर लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या पानावर लोक काय लिहितात बघ. "उपाशी वाघ" म्हणतो, "राक्षसाला मारायला दोन तास चढून गेलो, राक्षस भिंतीत अडकलेला. मीच त्याला ओढून बाहेर काढला, मग मारला." "कुलूपतोडी" म्हणून एक आहे, ती म्हणते, "चौथ्या वेशीचा पहारेकरी मला अठ्ठावीस वेळा म्हणाला, आज वारा छान आहे. तिथं वाराच नाही." एकानं नुसतं लिहिलंय, "वाट बघण्यात गेलेली माझी तीन वर्षं परत द्या."

आता माझं ऐक. एकाहत्तर तास खेळले मी. डोंगर ओलांडला, म्हाताऱ्या राजाचा विश्वास मिळवला, वाटेत तीन पायांचं एक कुत्रं भेटलं ते पाळलं. दमले म्हणून पाचव्या वेशीच्या मुसाफिरखान्यात झोपले. तीन रात्री. चौथ्या सकाळी उठले तर सेव्ह केलेला सगळा खेळ पुसलेला! मी पुन्हा पहिल्या पायरीवर, हातात काठी, अंगात फाटका सदरा. कुत्रं गेलं ते गेलंच. हसू नकोस. त्या दिवशी मी जेवले नाही.

मी अठ्ठावीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसले, तुला माहितीये. प्रत्येक शर्टाच्या खिशात माझ्या सात नंबरची चिठ्ठी घालायचे, म्हणजे उद्या बाही उसवली तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळावं. न बघता चिठ्ठी घालणारी एक होती, तिला मीच टेबलावरून उठवलं होतं. पाया पडली तरी ऐकलं नाही. तुझ्या साहेबाला मी सोडत नाहीच. पण मुसाफिरखाना ठीक आहे असं ज्यानं कोणी म्हटलं ना, तो मला वेगळा हवाय. तो माझ्या वाट्याचा.

मावशी

१७ मार्च

मावशी,

तुझं पत्र चारदा वाचलं. आता तुला असं काही सांगते की साहेबांची झोप उडेल.

त्या खेळाच्या जमिनीखाली एक खोली आहे. आम्हा तपासनिसांची. तिथं प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना ठेवलाय, सगळ्या तलवारी, राणीचे तेरा चेहरे, नावाडिणीची तीन वल्ही. आणि एक लांबलचक भिंत आहे. दोष वहीत लिहिले तर कोणी वाचायचं नाही, म्हणून मी ते थेट खेळाच्या आत, त्या भिंतीवर चिकटवायला लागले. एकेक चिठ्ठी. वर तारीख, मग दोष, खाली साहेबांचा शेरा, आणि काम मिटलं की तपासणाऱ्याची खूण. माझी खूण "खु".

खेळ बाजारात जाण्याआधी ती खोली काढून टाकायची होती. पण ती काढली की सातही वेशींची दारं उघडेनात. मी त्याचीही चिठ्ठी लावली. साहेबांनी काय लिहिलं असेल? राहू दे!

म्हणजे भिंत अजून तिथंच आहे. ज्याच्या ज्याच्याकडे खेळ आहे, त्याच्या घरात आहे. फक्त वाट कोणाला माहीत नाही. पहिल्या वेशीबाहेर गिरणी आहे, तिच्यामागं हौद. घोड्याला लागोपाठ तीनदा पाणी पाज. तिसऱ्या खेपेला तो मान खाली घालेल ती वर काढणारच नाही, तुला घेऊन सरळ जमिनीतून खाली जाईल. घाबरून उतरू नकोस, उतरलीस तर मेलीस. नऊ आकडे मोज.

मी काही सांगितलेलं नाही, तुला ते चुकून सापडलं. फोटो काढ आणि छाप. मुसाफिरखान्याची चिठ्ठीही तिथंच आहे, मीच लिहिलीय. तिच्याखाली साहेबांनी काय खरडलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच, आणि घे तुझ्या कुत्र्याचा सूड.

खुसपट

२ एप्रिल

चि. खुसपट,

उशीर झाला. गुडघा ठणकत होता. खोली काही अजून सापडली नाही. घोडा पाणी पितो आणि मख्खासारखा उभा राहतो. माझंच काही चुकत असेल. घाई करू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक विचारायचं होतं. माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी तू दवाखान्यात लॅपटॉप घेऊन बसली होतीस, ते ह्याच खेळाचं काम होतं का गं? सहज आठवलं.

जेवत जा वेळेवर.

मावशी

९ एप्रिल

मावशी,

झाकली मूठ? ती मूठ मी त्या माणसाच्या तोंडावर उघडायला निघालेय आणि तू मला गुडघा सांगतेस!

काल एका मैत्रिणीकडं तिचा खेळ माझ्या हाती लागला होता. मी गिरणीमागं गेले, घोड्याला तीनदा पाणी पाजलं, पहिल्याच प्रयत्नात खाली. वाट जिथल्या तिथं आहे. भिंत दुरून दिसली, तेवढ्यात त्या मैत्रिणीचा नवरा आला म्हणून बंद करावं लागलं. तेव्हा "सापडली नाही" हे मला सांगू नकोस. सगळ्या जगाचे दोष काढणाऱ्या बाईला एक हौद सापडत नाही होय?

कंपन्या तुझ्यासारख्यांना नवे खेळ आधी पाठवतात, हे मला माहितीये. तुला पाठवला का एखादा? तसं असेल तर सरळ सांग. तिसऱ्या ठिकाणाहूनही नकार आला. आणि तीस तारखेला खेळणाऱ्यांच्या मोठ्या मेळाव्यात साहेबांचा सत्कार आहे, "वर्षातलं सर्वांत देखणं जग" म्हणून. तो हार घालून घेणार आणि मी इथं भांडी घासत बसणार. आईच्या मागं माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. तेही आता कळलं.

दवाखान्याचं मध्येच काय काढलंस? हो, बसले होते. दिवसभर बसले होते तुझ्यासाठी.

(नाव लिहायची इच्छा नाही.)

१३ एप्रिल

पोरी,

बस खाली. मग वाच.

खोली मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी सापडली. नऊ आकडे मोजले, धप्पकन पडले, समोर भिंत. चार दिवस मी ती भिंत वाचत होते. चष्मा पुसून पुसून वाचत होते. दोनशे बारा वेळा "राहू दे"! मोजलेत मी. तुझा प्रत्येक दोष नेमका, तारखेसकट. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! कारखान्यात अशी एक मुलगी मिळाली असती तर मी तिला डोक्यावर घेतलं असतं.

मग डाव्या कोपऱ्यात खाली मुसाफिरखाना सापडला. चिठ्ठी तुझीच. "तीन रात्री झोपल्यास सेव्ह केलेला खेळ पुसला जातो." तिच्याखाली साहेबाचा "राहू दे" नाही. एवढ्या एकाच ठिकाणी त्यानं लिहिलंय, "हे आधी दुरुस्त करा." त्याखाली दुरुस्तीवाल्यांचं "केलं". आणि त्याखाली, "पुन्हा तपासलं, ठीक. खु." तारीख १९ ऑगस्ट.

एकोणीस ऑगस्टला तू कुठं होतीस ते मला पक्कं माहितीये. मी गुंगीतून बाहेर येत होते. तू खाटेशेजारी, मांडीवर ते मशीन, आणि खटाखट काहीतरी दाबत होतीस. माझ्या डोळ्यांदेखत मारलास तो शिक्का. तीन रात्री झोपून बघायला किती वेळ लागतो मला माहीत नाही, पण तू झोपून बघितलं नाहीस एवढं नक्की.

मी काय काय लिहिलं होतं त्या माणसाबद्दल! माझ्या वाट्याचा म्हणाले होते. आता तू माझ्या वाट्याला आलीस. म्हणून खोटं लिहिलं, गुडघ्यावर ढकललं. अठ्ठावीस वर्षांत जे केलं नाही ते तुझ्यासाठी केलं, आणि त्यावर तू मला विकली गेलेली म्हणालीस. तेही लक्षात ठेवणार आहे मी, सांगून ठेवते.

फोटोतून तेवढा कोपरा कापता येईल. पण उसवलेली बाही आत दुमडून शर्ट खोक्यात घालायचा, तसलं ते होईल. तूच ठरव.

मावशी

२४ एप्रिल

मावशी,

दहा दिवस पेन हातात घेतलं नाही. आधी वाटलं तू चुकीचं वाचलंस. मग वाटलं साहेबांनी मागाहून माझी खूण घातली. आणि मग आठवलं गं. तुला आत नेलं होतं, दरवाज्यावरचा लाल दिवा विझत नव्हता, आणि ऑफिसातून सारखं येत होतं, आज अकरा चिठ्ठ्या मिटवा, आज मिटवा. दुरुस्तीवाल्यांनी केलं म्हटलंय ना, झालं असेल, म्हणून अकराच्या अकरा "ठीक" करून टाकल्या, शेवटच्या काही तर तुला बाहेर आणल्यावर तुझ्या खाटेशेजारी. दहा खरोखरच ठीक निघाल्या. मुसाफिरखान्याला चाळीस मिनिटं लागली असती. माझ्याकडं त्या दिवशी नुसता वेळच वेळ होता. मी दिव्याकडं बघत बसले.

तुला जे बोलले त्याबद्दल तू देशील ती शिक्षा.

आता ऐक. सगळी भिंत छाप, आणि पहिली चिठ्ठी माझी लाव. मी काही एकदम साधू झालेले नाही. मी साहेबांना ओळखते. कोपरा कापलास तर दुसऱ्या दिवशी तो तेवढाच कोपरा छापेल, आणि मग उरलेल्या दोनशे बाराकडे कुत्रं ढुंकून बघणार नाही. त्याच्या हातात दगड ठेवायचाच नाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये म्हणतात. मी करणार! लोक थुंकले माझ्यावर तरी चालेल, त्या सहीच्या कागदावरून कोर्टात खेचलं तरी चालेल, पुन्हा कोणी तपासनीस म्हणून उभं केलं नाही तरी चालेल, पण तीस तारखेला तो हार त्याच्या गळ्यात सुखानं पडता कामा नये. दात ओठ खाऊन खाऊन माझा जबडा दुखायला लागलाय.

तीसच्या आत, मावशी.

खुसपट

८ मे

खुसपटे,

सव्वीसला सकाळी छापलं. मथळा दिला, "मुसाफिरखान्यात झोपू नका, आणि का ते वाचा." पहिला फोटो तुझ्या चिठ्ठीचा. खाली लिहिलं, ही तपासणारी माझी सख्खी भाची आहे, हा दोष तिनं शोधला आणि तिनंच न बघता मिटवला, त्यात माझं कुत्रं गेलं. मग बाकीची भिंत. शेवटी गिरणीची वाट, ज्याला खोटं वाटेल त्यानं जाऊन बघावं.

अगं, रांग लागली! संध्याकाळपर्यंत हौदापाशी घोडेच घोडे. लोक पडतात, वाचतात, वर येऊन लिहितात. "उपाशी वाघा"ला त्याच्या राक्षसाची चिठ्ठी सापडली, तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणाला, "म्हणजे हे माहीत होतं. माहीत असून मला चढवलं." कुलूपतोडीनं पहारेकऱ्याची चिठ्ठी शोधली. दोन दिवसांत "राहू दे" सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मग तीस तारीख. मेळावा घरबसल्या दाखवत होते. मी खुर्ची पुढं ओढून बसले होते. तुझा साहेब मंचावर आला, नवा कोट, केस चोपून बसवलेले. निवेदिका म्हणाली, आता सत्कार. आणि मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "राहू दे!" मग दुसरा. मग सगळं सभागृह, टाळ्यांच्या ठेक्यावर, राहू दे, राहू दे! हार देणाऱ्या बाईंना कळेना, त्यांनी खरंच हार ताटात परत ठेवला. साहेब माइकशी काहीतरी बोलला, "आमच्या तपासनिसांनी" एवढंच ऐकू आलं. त्यावर तर छप्पर उडायची वेळ आली. खाली मान घालून उतरला गं. मी एकटीनं टाळ्या वाजवल्या, शेजारीण विचारायला आली.

आता तुझं. तुला झाकून ठेवत नाही. पुष्कळांनी लिहिलंय की दोनशे बारा बरोबर आणि एक चूक, आम्ही तिला नोकरी देऊ. पण एकाचे नव्वद तास गेलेत. तो लिहितो, "साहेब गेला खड्ड्यात, पण ठीक लिहिणाऱ्या बाईला मी विसरणार नाही." त्याला मी उत्तर दिलेलं नाही. काय देणार? मीही विसरलेले नाही.

शिक्षा देशील ती म्हणालीस ना? माझे एकाहत्तर तास मला परत हवेत. सुट्टी काढायचा प्रश्न नाही, तुला नोकरीच नाही. ये इथं आणि खेळून दे. डोंगर, म्हातारा राजा, सगळं. आणि कुत्रं तेच हवं, तीन पायांचं. दुसरं चालणार नाही.

मावशी

१५ मे

मावशी,

काल दारावर माणूस आला, हातात जाड लिफाफा. साहेबांचं पत्र, स्वतःच्या अक्षरात! पहिल्यांदाच त्यांनी मला दोनापेक्षा जास्त शब्द लिहिले. झालं गेलं विसरून जाऊ, परत ये, पूर्वीपेक्षा वरच्या जागेवर ये. फक्त एवढं जाहीर कर की भिंतीवरचे शेरे म्हणजे ऑफिसातली आपसातली गंमत होती. खाली सही, आणि पुढं तीन ओळी की त्यांच्या मुलीला शाळेत सगळे "राहू दे" म्हणून चिडवतात.

त्या मुलीचं वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. मग मला घरी बसून काढलेले अडीच महिने आठवले, आणि ते पत्रक, आणि तो कॉफीचा मग.

मी लाल पेन्सिल शोधली. त्यांच्या पत्राच्या खाली, ते लिहायचे तिथंच, दोन शब्द लिहिले. कोणते ते तुला माहितीये. तोच कागद त्याच लिफाफ्यात घालून त्याच माणसाच्या हाती परत दिला. तो खाली जाईपर्यंत मी जिन्यात उभी होते. इतकं बरं वाटलं मावशी, की मी तिथंच पायरीवर बसले.

ते नव्वद तासवाले गृहस्थ मात्र डोक्यातून जात नाहीत. त्यांना मी माझ्या नावानं उत्तर लिहिलंय. माफी मागितली नाही, काय झालं ते सांगितलं. त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.

शनिवारी येते. घोड्याला तिसरं पाणी पाजणार नाही, कुत्रं तेच आणीन. परवा कंपनीनं मुसाफिरखाना दुरुस्त केल्याचं जाहीर केलंय, पण कोणी केलं म्हटलं म्हणून मी आता ठीक म्हणणार नाही. तिथं पोचलो की तीन रात्री मी झोपेन, चाळीसच्या चाळीस मिनिटं, आणि तू शेजारी खुर्ची घेऊन बस. चौथ्या सकाळी कुत्रं पायाशी असेल तर चिठ्ठी तू घाल, सात नंबरची. माझी खूण एवढ्यात नको.

खुसपट